मोरिस, मॉरिशस, मोरस : एका द्वीपनामाचा अर्थ आणि व्यवहार

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात म्हसा हे गाव आहे. पौष पौर्णिमेस तेथे भरणारी म्हसोबाची जत्रा व तिच्यातील बैलबाजार यांमुळे ते दूरवर परिचित आहे. प्रस्तुत लेखकाचे बालपण त्याच गावात गेले. गावातील किराणा दुकानाचे वृद्ध मालक गुजराती भाषक होते. साखर आणावयास गेलो म्हणजे ते आतल्या पोऱ्यास सांगत, "याला अर्धा किलो मोरस दे." मोरस ही साखरेची काही विशेष जात असावी, अशी माझी पुष्कळ वर्षे समजूत होती. दुकानात एकाच प्रकारची साखर असे आणि ती महाराष्ट्रातच तयार झालेली असे, ही गोष्ट त्या समजुतीच्या आड कधी आली नाही. पुढे भाषाशास्त्राच्या अभ्यासात असताना एका गुजराती कोशात हा शब्द दिसला. 'मॉरिशस बेटातील साखर', आणि त्यावरून 'साखर', असा त्याचा अर्थ होता. म्हसा येथील दुकानदार रोज एका परद्वीपाचे नाव घेत होता आणि त्याचा त्यास पत्ता नव्हता.

आमच्या पदव्युत्तर वर्गात स्थलनामांचा विषय निघाला की विद्यार्थी प्रथम व्युत्पत्ती विचारतात आणि ती मिळताच विषय संपला असे मानतात. हे अपुरे आहे, एवढेच दाखविण्यासाठी या बेटाच्या नावाचे उदाहरण घेत आहे. त्या नावाचा व्युत्पत्त्यर्थ सांगण्यास दोन वाक्ये पुरतात. परंतु ते कोणाच्या मुखातून कोणाच्या कानी गेले, कोणत्या रूपाने गेले आणि तेथे त्याने कोणते काम केले, हे सांगावयास लागलो की हिंदी महासागराचा, साखरेच्या व्यापाराचा आणि कोकणातून परदेशी गेलेल्या मजुरांचा इतिहास हाती घ्यावा लागतो.

प्रथम नामकरणांचा क्रम पाहू. १५०२ च्या कांतिनो नकाशात या परिसरातील तीन बेटे 'दिना' या पूर्वपदाने दाखविली आहेत. त्यांपैकी 'दिना आरोबी' हे आजचे मॉरिशस समजतात. 'दिना' हा 'दिवा' याचा लेखनदोषाने झालेला अपभ्रंश असावा असे मानले जाते. ते खरे असेल, तर अरब नाविकांच्या द्वारा आपला 'द्वीप' हाच शब्द तेथवर पोहोचला होता. 'दीव' आणि 'मालदीव' या नावांत तो आजही आहे. पोर्तुगीजांनी बेटाला 'सिर्ने' म्हणजे राजहंस असे नाव दिले. १५९८ मध्ये व्हान वारवाइक याच्या डच जहाजांनी तेथे नांगर टाकला व आपला शासक नासाऊचा राजपुत्र माउरित्स याचे नाव बेटाला ठेवले. त्याचे लॅटिन रूप 'मॉरिशियस'. डचांनी १७१० मध्ये बेट सोडले. १७१५ मध्ये द्युफ्रेन दार्सेल याने फ्रान्सच्या राजाच्या नावे ते ताब्यात घेऊन त्याचे 'ईल द फ्रांस' असे नामकरण केले. १८१० च्या डिसेंबरात इंग्रजांनी ते जिंकले, १८१४ च्या पॅरिसच्या तहाने त्यावर शिक्कामोर्तब झाले, आणि शत्रुराष्ट्राचे नाव नको म्हणून जुने डच नाव पुन्हा प्रचारात आणले गेले.

यांतील 'ईल द फ्रांस' या नावापाशी थोडे थांबले पाहिजे. शब्दशः त्याचा अर्थ 'फ्रान्सचे बेट'. हिंदी महासागरातील वसाहतीस ते साधे मालकीदर्शक नाव शोभूनही दिसते. पण हेच नाव पॅरिसच्या भोवतालच्या प्रदेशाला त्यापूर्वी शेकडो वर्षे होते. पॅरिस हे काही समुद्राने वेढलेले बेट नव्हे. सेन, मार्न, वाझ इत्यादी नद्यांच्या वळशांत सापडलेला प्रदेश म्हणून त्यास 'ईल' म्हटले गेले असावे, ही प्रचलित उपपत्ती आहे. आजही फ्रान्समध्ये त्या नावाचा प्रशासकीय विभाग आहे. १९७६ मध्ये पूर्वीचे 'पॅरिस विभाग' हे नाव काढून जुने नाव त्यास परत देण्यात आले. म्हणजे जे बेट नव्हते त्याचे 'बेट' असे नाव, समुद्र ओलांडून, जे खरोखरच बेट होते त्याला जाऊन चिकटले.

मराठी भाषकाला यात नवल वाटू नये. आपला 'बेट' हा शब्दही पाण्याशी एकनिष्ठ राहिलेला नाही. गोदावरीकाठी कोपरगाव बेट आहे. शिरूर तालुक्यातील नद्यांच्या दुबेळक्यातल्या गावांना 'बेट भाग' म्हणतात. आणि बांबूचे बेट तर डोंगरउतारावरही असते. भोवतालापासून तुटून वेगळे उठून दिसणारे ते बेट, असा या शब्दाचा अर्थविस्तार आहे. फ्रेंच 'ईल' व मराठी 'बेट' यांचे कुळ एक नाही. तरी दोन्ही भाषांनी नद्यांनी वेढलेल्या भूमीला समुद्रातील भूमीचे नाव दिले. अर्थविकासाच्या अभ्यासकाने अशी समांतर उदाहरणे टिपून ठेवावीत, कारण एका भाषेतील संशयास्पद उपपत्तीला दुसऱ्या भाषेतील निश्चित उदाहरणाने पुष्कळदा आधार मिळतो. जाता जाता 'ईल' या शब्दाच्या लेखनाविषयी. जुन्या फ्रेंचमध्ये त्यात 'स' चे अक्षर लिहीत. उच्चारातून ते गेले, पुढे लेखनातूनही गेले व त्याच्या जागी स्वरावर टोपी आली. इंग्रजांनी मात्र हे अनुच्चारित अक्षर फ्रेंचवरून उचलून आपल्या अस्सल 'आयलंड' शब्दात घुसडले. त्या शब्दाशी लॅटिन 'इन्सुला' चा संबंध नसताना तो आहे असे पंडितांना वाटले म्हणून. कानापेक्षा डोळ्यावर विश्वास ठेवणाऱ्या विद्वत्तेने भाषेत काय घडते, याचा हा नमुना आहे. आपल्याकडेही अशा विद्वत्तेची उणीव नाही.

आता 'मोरिस'. इंग्रजांनी डच नाव पुनरुज्जीवित केले खरे, परंतु शरणागतीच्या अटींत रहिवाशांचे कायदे, धर्म व रीतिरिवाज राखण्याचे वचन दिले होते. त्यामुळे राज्य इंग्रजांचे आणि समाजव्यवहार फ्रेंचांचा, अशी विलक्षण स्थिती तेथे दीर्घकाळ राहिली. वरिष्ठ न्यायालयांत इंग्रजी येण्यास १८४७ साल उजाडले. फ्रेंच जमीनदारांनी नवे नाव नाकारले नाही. ते त्यांनी भाषांतरित केले. लॅटिन 'मॉरिशियस' याला फ्रेंचमध्ये 'मोरिस' असे घडीव रूप होतेच, कारण संत मोरिस हा तिसऱ्या शतकातील ख्रिस्ती हुतात्मा फ्रान्समध्ये सर्वपरिचित होता. तेव्हा आजचे फ्रेंच द्वीपनाम 'ईल मोरिस' हे फ्रेंच राजवटीतले नव्हे. फ्रेंच राजवट गेल्यानंतरचे आहे. ते डच नावाचे, इंग्रजी आज्ञेने झालेले, फ्रेंच भाषांतर होय. बेटावरील क्रिओल भाषेनेही तेच घेतले. बेट १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झाले, १२ मार्च १९९२ रोजी प्रजासत्ताक झाले. इंग्रजीत ते 'मॉरिशस' आणि क्रिओलमध्ये 'मोरिस', ही द्विरूपता अद्याप तशीच आहे. तेथील विधिमंडळाची अधिकृत भाषा इंग्रजी, पण सदस्याला अध्यक्षांना उद्देशून फ्रेंचमध्येही बोलता येते, अशी घटनेतच तरतूद आहे.

या नावाचा मूलार्थ सांगावयाचा, तर लॅटिन 'मॉरस' म्हणजे वायव्य आफ्रिकेतील मूर लोकांपैकी एक, त्यावरून 'मॉरिशियस' हे व्यक्तिनाम, त्यावरून संत, संतावरून राजपुत्र, राजपुत्रावरून बेट. मॉरिटानिया या देशाच्या नावाशी त्याचे मूळ एकच आहे, आणि वृत्तपत्रांत या दोन देशांची गल्लत होते तेव्हा संपादक नकळत व्युत्पत्तीला धरूनच चुकत असतो. पण हा मूलार्थ नाव ठेवणाऱ्याच्याही मनात नव्हता. डच नाविकाला मूर अभिप्रेत नव्हता. आपला राजपुत्र अभिप्रेत होता. बेटावरील आजच्या रहिवाशाला राजपुत्रही अभिप्रेत नाही. त्याच्या लेखी त्या नावाचा अर्थ त्याचा देश, एवढाच आहे.

अर्थशून्यता ही स्थलनामाच्या दृष्टीने उणीव नसून बळ आहे, असे मला वाटते. शेजारच्या बेटाची कथा पाहावी. त्याला १६४९ मध्ये राजवंशावरून 'बूर्बों' नाव मिळाले. राज्यक्रांतीने राजवंश उलथविला, तेव्हा १७९३ मध्ये ते 'रेयुनियाँ' म्हणजे मिलन झाले. १८०६ मध्ये 'बोनापार्त' झाले. त्यानंतर पुन्हा 'बूर्बों', आणि १८४८ च्या क्रांतीनंतर पुन्हा 'रेयुनियाँ'. ज्याचा अर्थ उघड दिसतो असे नाव प्रत्येक नव्या सत्तेला खुपते. 'मोरिस' चा अर्थ कोणाला दिसत नव्हता, म्हणून ते कोणाला खुपले नाही. सेशेल्सचेही तसेच. १७५६ मध्ये मोर्फे या अधिकाऱ्याने पंधराव्या लुईचा अर्थमंत्री मोरो द सेशेल याच्या नावे त्या द्वीपसमूहाचे नामकरण केले. मंत्री विस्मृतीत गेला आणि नाव टिकले. त्यातील मुख्य बेट माहे हे मॉरिशसचा गव्हर्नर माहे द ला बूर्दोने याच्या नावाचे. १७४६ मध्ये मद्रास घेणारा तो हाच. त्या बेटाला १७४२ मध्ये लाझार पिको याने आधी दिलेले 'विपुलतेचे बेट' हे अर्थपूर्ण नाव दोनच वर्षांत लोपले.

हा झाला नाव ठेवणाऱ्यांचा इतिहास. ज्यांना ते नाव नुसते ऐकावयाचे होते, त्यांचा इतिहास निराळा आहे. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' जहाजातून कलकत्त्याहून ३६ करारबद्ध मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले. मधल्या बंदीनंतर १८४२ च्या कायद्याने कलकत्ता, मद्रास व मुंबई या तिन्ही बंदरांतून मॉरिशसला मजूर नेण्यास परवानगी मिळाली. मुंबईहून गेलेल्यांचे प्रमाण इतर दोन बंदरांच्या मानाने अल्प होते. त्यांत कोकणातील मराठी माणसे मोठ्या संख्येने होती, आणि आजच्या मॉरिशसमधील मराठी समाज त्यांचा वंशज आहे. पोर्ट लुई येथील ज्या घाटावर ही माणसे उतरली तो 'आप्रवासी घाट' २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे.

या माणसांनी बेटाचे नाव कोणत्या रूपात ऐकले असेल? उत्तर हिंदुस्थानातून गेलेल्या भोजपुरी भाषकांत ते 'मिरिच' झाले. 'मिरिच देश' असा प्रयोग त्यांच्यात रूढ होता. मिरची आणि रामायणातील मारीच या दोहोंशी त्याची सांगड घालण्यात आली. सोन्याच्या मृगाचे रूप घेऊन भुलविणारा मारीच आणि सुबत्तेच्या गोष्टी सांगून जहाजात चढविणारा दलाल यांचे साम्य त्या लोकांना दिसले असल्यास त्यांना दोष कोण देईल? शास्त्राच्या दृष्टीने ही लोकव्युत्पत्ती चुकीची आहे. पण 'नावाचा अर्थ' या संज्ञेत, वापरणाऱ्याने त्यात जो वाचला तो अर्थही समाविष्ट करावयाचा असेल, तर डच राजपुत्राइतकाच मारीचालाही तेथे जागा द्यावी लागेल.

उलट बाजूनेही हेच घडले. बेटावरील क्रिओल भाषेत मराठी माणसाला 'बोंबाय' असे नाव पडले. रत्नागिरीच्या खेड्यातून निघालेला मनुष्य मुंबईत कदाचित् जहाज मिळेपर्यंतच राहिला असेल, पण ज्या बंदरातून चढला त्याचे नाव त्याला व त्याच्या नातवंडा-पणतवंडांना लागले. 'मलबार' या नावाचा प्रवास तर याहून विचित्र आहे. हिंदुस्थानच्या एका किनाऱ्याचे हे नाव. मॉरिशसच्या क्रिओलमध्ये ते उत्तर हिंदुस्थानी वंशाच्या हिंदूला लागले, आणि शेजारच्या रेयुनियाँमध्ये तमिळ वंशाच्या माणसाला. खुद्द मलबारशी दोघांचाही संबंध नाही. नकाशावरील स्थळ आणि व्यवहारातील स्थलनाम यांच्यात किती अंतर पडू शकते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

आता पुन्हा मोरसकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मॉरिशसच्या साखरेचे मोठे गिऱ्हाईक हिंदुस्थान होते, आणि ती साखर मुंबई बंदरात उतरत असे. पोर्ट लुई येथे सुरतेकडील गुजराती मुसलमान व्यापाऱ्यांनी पेढ्या घातल्या होत्या. धान्य आणावयाचे आणि साखर न्यावयाची, असा त्यांचा व्यापार होता. या मार्गाने 'मोरस' गुजरातीत आणि मुंबईच्या बाजारभाषेत आला. वस्तूला मूळ स्थानाचे नाव देण्याची ही रीत साखरेच्या बाबतीत तर जुनीच आहे. हिंदीतील 'चीनी' चीनवरून, 'मिसरी' मिस्र म्हणजे इजिप्तवरून. आपली 'साखर' तेवढी संस्कृत 'शर्करा', प्राकृत 'सक्करा' अशी घरच्या वाटेने आली. गंमत अशी की याच शब्दाने फारसी व अरबीच्या मार्गाने पश्चिमेस जाऊन फ्रेंच 'स्युक्र' हे रूप घेतले. फ्रेंच जमीनदार मॉरिशसमध्ये जी 'स्युक्र' काढीत, ती मुंबईत 'मोरस' होऊन उतरे. शब्द येथून गेला, वस्तू तेथून आली, आणि येताना आपले नाव बदलून आली.

'मोरस' कोणत्या रूपावरून आला, हा खरा भाषाशास्त्रीय प्रश्न आहे. कोशकार सामान्यतः 'मॉरिशस' वरून असे लिहून मोकळे होतात. देशनिर्देश म्हणून ते ठीक आहे, परंतु ध्वनिदृष्ट्या ते पटत नाही. इंग्रजी उच्चारात आघात दुसऱ्या अक्षरावर असून त्यालगत 'श' आहे. आघातयुक्त अक्षर व त्याला लागून असलेला ठळक ऊष्मवर्ण ही दोन्ही एकदम गळून पडावीत, हे सहजी संभवत नाही. फ्रेंच-क्रिओल 'मोरिस' मध्ये मात्र म्, ओ, र्, स् हे सारे घटक त्याच क्रमाने हजर आहेत; मधल्या इकाराचा अकार होणे एवढाच बदल गृहीत धरावा लागतो. आक्षेपक म्हणेल की गुजराती व मराठी बोलींत श-स यांची अदलाबदल होतेच, मग 'मॉरिशस' चे 'मोरसस' व त्यातील एक सकार लोपून 'मोरस' असे का मानू नये? मानता येईल, एकसारखी अक्षरे शेजारी आली की एक लोपते, हे आपण जाणतो. पण त्यासाठी तीन बदलांची साखळी कल्पावी लागते, आणि तिच्यातील मधले एकही रूप मला कोठे आढळलेले नाही. शिवाय शब्द कोणाकडून आला, हेही पाहावयास हवे. तो गोऱ्या साहेबाच्या कचेरीतून आलेला नाही. पोर्ट लुईच्या धक्क्यावर क्रिओल बोलणाऱ्या तोलाऱ्या-हमालांत वावरणाऱ्या व्यापाऱ्याकडून आला आहे. त्या धक्क्यावर बेटाचे नाव 'मोरिस' होते. माझा कल म्हणून फ्रेंच रूपाकडे आहे. एखाद्या विद्यार्थ्याने मुंबईच्या जुन्या गुजराती व मराठी वृत्तपत्रांतील बाजारभावांची सदरे चाळून या शब्दाची आरंभीची रूपे जमविली, तर या मताची खरी परीक्षा होईल. त्यात ते टिकले नाही तरी हरकत नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना. आपल्या किनाऱ्यावरील खाजणांत उगवणाऱ्या एका खारट भाजीलाही 'मोरस' म्हणतात. तिचा या साखरेशी काही संबंध नाही. समान रूपांची दोन नावे एकाच नोंदीत कोंबण्याचा मोह आवरावा.

शब्दाचा उत्तरार्धही उद्बोधक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी जावाच्या साखरेने मॉरिशसच्या साखरेला मागे सारले, आणि १९३२ च्या संरक्षण कायद्यानंतर देशी कारखाने उभे राहून परदेशी साखर बाजारातून उठली. नाव मात्र उठले नाही. प्रवरेच्या वा कोपरगावच्या कारखान्यातील साखर म्हसा येथील दुकानात 'मोरस' म्हणूनच विकली गेली. स्थलनामाचे सामान्यनाम झाले, सामान्यनामाचा स्थळाशी संबंध तुटला, आणि ज्या उच्चाराला इंग्रजी राज्यात राजमान्यता नव्हती तो मुरबाड तालुक्यातल्या एका गल्ल्यावर जपला गेला.

मराठीने अशा रीतीने एकच नाव दोनदा घेतले: एकदा बाजारातून, एकदा भूगोलाच्या पुस्तकातून. दुसरे रूप 'मॉरिशस'. ते इंग्रजीवरून आले व आता स्थिरावले आहे. ते बदलून 'मोरिस' लिहावे अशी सूचना मधूनमधून होते. ती मला मान्य नाही. रूढ परनाम ही भाषेची स्वतःची मालमत्ता असते; आपण 'जर्मनी' म्हणतो, जर्मन माणूस 'डॉइचलांड' म्हणतो, यात कोणाचाही अपमान नाही. पण मग सुसंगती तरी कोठे आहे? त्याच नकाशात राजधानी मात्र आपण 'पोर्ट लुई' अशी लिहितो, म्हणजे उत्तरपद फ्रेंच उच्चाराप्रमाणे आणि पूर्वपद इंग्रजीप्रमाणे. 'सेशेल्स' मधला अंत्य 'स' फ्रेंचमध्ये उच्चारला जात नाही. आपण इंग्रजीच्या अनुरोधाने तो ठेवतो. तेव्हा मराठीतील फ्रेंच द्वीपनामे ही प्रायः इंग्रजी चाळणीतून आली आहेत, एवढे ओळखून पुढे जावे. व्याकरणात तर हे नाव अजून पाहुणेच आहे. ठाणे, पुणे ही नावे सामान्यरूप घेऊन 'ठाण्यात', 'पुण्यात' अशी चालतात. 'मॉरिशस' ला आपण 'मध्ये' हे शब्दयोगी लावून वेगळे ठेवतो. त्याचे लिंगही ठरलेले नाही. देश मनात असला तर 'मॉरिशस स्वतंत्र झाला', बेट मनात असले तर 'मॉरिशस सुंदर आहे खरे, पण ते लहान आहे'. ही लिंगाची दोलायमानता दोष नव्हे. बोलणाऱ्याच्या मनात त्या क्षणी कोणते सामान्यनाम अध्याहृत आहे, हे ती उघड करते.

बेटावरील मराठी माणसाच्या दृष्टीने या साऱ्याला निराळे महत्त्व आहे. तेथे गणेशचतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असते, शाळांतून मराठी शिकविली जाते, परंतु घरात बहुतेकांची बोली क्रिओल आहे. जी गावे ही माणसे आपली म्हणतात, त्यांची नावे कास्काव्हेल, व्हाक्वा, कात्र बोर्न अशी आहेत. व्हाक्वा हे नाव आपल्या केवड्याच्या जातीच्या झाडावरून पडलेले. कात्र बोर्न म्हणजे सीमेचे चार दगड. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आप्रवाशांच्या जुन्या नोंदवह्या जतन केलेल्या आहेत. त्यांत मजुराचे नाव, बापाचे नाव, जिल्हा, परगणा, गाव असे तपशील असतात. पूर्वजांचे गाव शोधीत जे वंशज महाराष्ट्रात येतात, त्यांच्या हातात या नोंदीची नक्कल असते, आणि तिच्यावरचे गावाचे नाव पुष्कळदा नकाशावर सापडत नाही.

ते का सापडत नाही, हे समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. म्हसा येथून कोणी मॉरिशसला गेला, असा माझा दावा नाही. पण गेला असता तर? मुंबईच्या किंवा पोर्ट लुईच्या कचेरीत त्याने गाव सांगितले असते 'म्हसा'. आपला 'म्ह' हा महाप्राण अनुनासिक इंग्रजीत नाही. फ्रेंचमध्ये तर हकारच उच्चारला जात नाही. लेखनिकाने हकार गाळून 'मासा' ऐकले असते. मधला 'स' दोन स्वरांमध्ये एकेरी लिहिला तर फ्रेंच वाचक त्याचा 'झ' करतो, म्हणून त्याने कदाचित् तो दुहेरी लिहिला असता. शंभर-दीडशे वर्षांनी पणतू ते रोमन अक्षर वाचून 'मस्सा' किंवा 'मासा' असे गाव विचारीत ठाण्यास येता. जिल्ह्याचे नावही त्याला ओळखता आले नसते, कारण ठाण्याचे त्या काळचे इंग्रजी लेखन 'टॅना' असे वाचावे अशा धाटणीचे होते. ठकार व णकार दोन्ही त्यात मावले नव्हते. म्हसोबावरून म्हसा, हे त्या गावातील पोरालाही सांगावे लागत नाही. एक हकार गेल्याने तो देवही नोंदीतून गेला असता.

अशा नोंदींचे वाचन करावयाचे, तर ध्वनिपरिवर्तनाची उलट कोष्टके हवीत: लिप्यंतरातील अमुक अक्षराच्या मागे मराठीतील कोणकोणते वर्ण असू शकतील, याची. महाप्राण-अल्पप्राण, मूर्धन्य-दंत्य, ळ-ल, च व ज यांचे दोन उच्चार, आणि म्ह-न्ह-ल्ह-व्ह या जोडीच्या ध्वनींचा लोप, एवढ्या पाच बाबींवर जरी काम झाले तरी रत्नागिरी, सावंतवाडी व ठाणे या भागांतील ग्रामनामांच्या छापील याद्यांशी ताडून पुष्कळ नोंदींचा उलगडा होण्याजोगा आहे. त्यासाठी मॉरिशसला जावे लागत नाही. नोंदींच्या नकला आणि तालुकावार गावांची यादी पुरते. आमच्या विभागातील दोन विद्यार्थ्यांनी या वर्षी ठाणे जिल्ह्यापुरते हे काम हाती घेतले आहे. शहापूर व मुरबाड या तालुक्यांतील ग्रामनामे तेथील बोलीच्या उच्चारासह त्यांनी प्रथम टिपावीत, असे ठरले आहे, कारण छापील यादीतील रूप हेही पुन्हा कोणा लेखनिकाच्याच कानाचे असते.